तळ्याचा तळ कोणाचा?

बँकेत असताना कालव्याच्या पाण्याच्या भरवशावर मागितलेल्या कर्जांचे कागद मी पुष्कळ पाहिले. त्यांत भिजणारी जमीन एकर-गुंठ्यांसकट लिहिलेली असे. पाण्याखाली काय जाते, याला रकानाच नसे. श्रीलंकेचा नकाशा पाहताना तो नसलेला रकाना आठवतो.

६५,६१० चौरस किलोमीटरचे हे बेट. मध्ये डोंगर, नैर्ऋत्येला मुबलक पाऊस. उरलेला मोठा भाग कोरडा, ईशान्य मोसमी पावसावर जगणारा. म्हणून तिथल्या राजांनी तळी बांधली. महासेन राजाचे मिन्नेरिया तिसऱ्या शतकातले. (त्या स्थापत्याचे कौतुक पुन्हा कधीतरी!) कोरड्या महिन्यांत हे तळे ओसरते, उघड्या तळावर कोवळे गवत उगवते आणि शेकडो हत्ती तिथे जमतात. १९९७ मध्ये या परिसराचे राष्ट्रीय उद्यान झाले.

२०१८ मध्ये मोरगहकंद धरण सुरू झाले. तिथले पाणी ऐन कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात येऊ लागले. तळे भरलेले, गवत बुडालेले! उपाशी हत्ती मग शेताकडे वळणार नाही तर काय करणार? आणि शेतकऱ्याला तरी दोष कसा द्यावा? पाणी त्याच्याचसाठी आहे.

उडवलवे उद्यान १९७२ मध्ये काढले, ते धरणामुळे निराश्रित झालेल्या प्राण्यांसाठीच. म्हणजे सरकारला हा हिशेब ठाऊक नाही असे नाही. मिन्नेरियात तर नवे उद्यानही नको. जुलै ते सप्टेंबर पाण्याची पातळी थोडी खाली ठेवली, तरी पुरे.