किल्ला बांधला, लढाई कधी खेळणार?

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून मुले घरी येतात, दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि घमेले शोधू लागतात, तेव्हा दिवाळी आली असे खुशाल समजावे. राहात्यात काय किंवा शेजारच्या शिर्डीत, लोणीत, कोल्हारात काय, दृश्य तेच असते. अंगणात, गच्चीवर, कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर विटा-दगडांचे ढीग पडतात. त्यांवर बारदान अंथरले जाते, चिखल लिंपला जातो आणि दोन-तीन दिवसांत तेथे राजगड किंवा प्रतापगड उभा राहतो.

आमच्या भागातल्या मुलांना हे काम कोकणातल्या मुलांपेक्षा अंमळ अवघड जाते. तिकडे तांबडी माती आहे. इकडे गोदाकाठची काळी. ओली असताना ती लोण्यासारखी वागते, पण दोन दिवसांच्या उन्हात बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बालेकिल्ला मधोमध दुभंगतो. मग कोणी तीत भुसा मिसळतो, कोणी चुलीतली राख, कोणी शेण. उतारावर अळीव पेरला की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. गेरूने बुरूज रंगतात, चुन्याने वाटा आखल्या जातात. मातीचा गुणधर्म, पाण्याचा उतार आणि वजनाचा तोल यांचे शिक्षण मुलांना इतक्या स्वस्तात आणि इतक्या आनंदाने दुसरीकडे कोठे मिळत असेल असे वाटत नाही.

मग बाजारातून मावळे येतात. भालेवाला, तुतारीवाला, घोडेस्वार, तोफ आणि सिंहासनावर महाराज. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि तोफ दरवाजाएवढी, पण त्याची खंत कोणाला नसते. पणत्या लागतात, फोटो निघतात, शेजारचे येऊन कौतुक करून जातात. आणि पुढे? पुढे काहीच नाही. भाऊबीज झाली की मावळे खोक्यात जातात आणि किल्ल्यावर पाण्याची बादली उपडी होते. एवढी फौज जमवली, तटबंदी केली, तोफा चढवल्या. पण लढाई काही झाली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ती व्हायला हवी. आपण मुलांना किल्ला बांधायला शिकवले, पण त्याच्याशी खेळायला शिकवले नाही. तेवढ्यामुळे इतिहासाचा अर्धा धडा कोराच राहिला आहे.

मेजावर छोटी सैन्ये मांडून लढाई खेळण्याचा छंद जगात चांगला रुजलेला आहे. त्याचे मूळ शोधायला फार दूर जायला नको. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चार अंगे पटावर मांडणारा चतुरंगाचा खेळ भारतातलाच. बुद्धिबळ त्याचेच वंशज. मात्र बुद्धिबळाचा पट सपाट असतो. त्यावर डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही, पाऊस नाही. ही उणीव प्रशियाच्या एका पितापुत्रांनी भरून काढली. राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२च्या सुमारास आपला रणखेळ राजाला दाखवला आणि त्याच्या सैनिकी मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. नकाशा, दोन रंगांच्या सोंगट्या, फासे आणि निवाडा देणारा पंच. प्रशियाच्या सेनाप्रमुखाला तो इतका पटला, की अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा समावेश झाला.

सैनिकी शाळेतला हा खेळ घरच्या दिवाणखान्यात आणण्याचे मोठे श्रेय एका कादंबरीकाराचे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध किती बरे, असा त्यांचा सांगावा होता. दुर्दैवाने दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळ मात्र टिकला. आज ब्रिटन-अमेरिकेत तो लाखोंचा छंद आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई सुटे भाग जोडून तयार करायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेबलावर टेकड्या आणि झाडी मांडायची आणि फीतपट्टीने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची, असा हा खटाटोप असतो. कोणी काल्पनिक राक्षसांच्या फौजा मांडतो, कोणी वॉटर्लू.

आणि कोणी असई मांडतो! हे मात्र आपण लक्ष देऊन ऐकावे. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने नगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला. केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले होते. पण समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, असा तर्क करून त्याने सैन्य घातले आणि उतार सापडला. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीही कमाल केली. पोलमन या हॅनोव्हरी सेनानीने ऐन वेळी सगळी आघाडी वळवून शत्रूसमोर उभी केली. मराठी गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रजांचे ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक लोक गेले. विलायतेतला छंदिष्ट आपल्या टेबलावर आमचे हे गोलंदाज रंगवतो, त्यांच्या पागोट्यांचे रंग शोधतो आणि दर वेळी विचारतो, की शिंद्यांचे घोडदळ त्या दिवशी मैदानात नेटाने उतरले असते तर? हा प्रश्न आमच्या मुलांना पडत नाही. त्यांच्या पुस्तकात उत्तर आधीच छापलेले असते.

दिवाळीतला किल्ला देखावा म्हणून राहतो, त्याचा तोटा हाच आहे. देखाव्यात सगळे ठरलेले असते. खेळात काहीच ठरलेले नसते. तेथे निर्णय घ्यावा लागतो. घोडदळ आत्ता सोडू की राखून ठेवू? पाणी कोणाच्या बाजूला आहे? दाणागोटा किती दिवस पुरेल? अशा प्रश्नांशी झटापट केल्यावर पूर्वजांच्या पराक्रमाची जात कळते. पराभव अगदी उशाशी असताना त्यांनी विजय खेचून आणला होता. पराभवाची शक्यताच पुसून टाकली, तर त्यांच्या कर्तृत्वात उरते काय?

याला आमच्या जिल्ह्याइतके चांगले मैदान नाही. आजचा अहिल्यानगर, कालचा अहमदनगर जिल्हा म्हणजे लढायांचे उघडे पुस्तक आहे. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी नगरच्या तटाखाली सुरुंग पेरले आणि तट फुटल्यावर चांदबिबीने ते खिंडार राखले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाची फौज मराठ्यांपुढे हटली. पण मुलांनी पहिली लढाई खेळायची असेल, तर मी १६२४ ची भातवडी सुचवीन. आज आपण त्या गावाला भातोडी म्हणतो. एका बाजूला मोगल आणि विजापूरकर यांची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर आणि त्याच्याकडून लढणारे शहाजीराजे. अंबराने काय करावे? तलावाचा बांध फोडून पाणी सोडले आणि शत्रूच्या वाटेवर चिखल करून टाकला. मोगलांचा जोर त्या चिखलात जिरला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले.

राहात्याच्या पोराला ही लढाई समजावून सांगावी लागणार नाही. पाटाला आवर्तन आले, शेताचा बांध फुटला आणि काळ्या रानात ट्रॉली रुतली, की काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. किल्ल्याला भेगा पाडणारी तीच काळी माती येथे सेनापतीच्या बाजूने लढली. टेबलावरच्या नियमात ‘चिखलात घोडा निम्मी चाल चालेल’ असे एक वाक्य लिहिले, की भूगोल आणि इतिहास यांची गाठ पडते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला घरच्या मंडळींचा. ‘मुले आधीच मारामारीचे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांत ही आणखी लढाई कशाला?’ याचे उत्तर रंगाच्या कुंचल्यात आहे. पडद्यावरचा शत्रू फुकट येतो आणि फुकट मरतो. हाताने केलेल्या शिपायाचे तसे नसते. त्याला आधी पांढरा हात द्यायचा, मग अंगरख्याचा रंग, मग पातळ काळे पाणी फिरवून चुण्यांत सावली उतरवायची आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजेड आणायचा. एका शिपायामागे तास जातो. असा शिपाई फाशाच्या एका दानाने पटावरून उचलावा लागला, की मुलगा हळहळतो. वीस माणसांमागे एक शिपाई असा हिशेब धरला, तर असईला इंग्रजांच्या बाजूचेच सुमारे ऐंशी शिपाई उचलावे लागतील. टेबलाच्या कडेला त्यांची रांग लागते. युद्ध म्हणजे काय, हे ती रांग कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट सांगते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ‘खेळात आपली बाजू हरली तर? मावळ्यांना हरवायचे?’ ही भावना मी समजू शकतो. ज्या प्रसंगांशी लोकांची श्रद्धा निगडित आहे, तेथून सुरुवात करावी असा माझा आग्रह मुळीच नाही. पण इतिहासानेच आपल्यापासून काही लपवलेले नाही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा राहिले. तेथून पुन्हा उभे राहणे ही गोष्ट थोर आहे ती त्या तेवीस किल्ल्यांमुळेच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपण फटाके वाजवले. तो किल्ला तेथेच का बांधला, त्याला पाणी कोठून येत होते आणि तो कोणत्या बाजूने पडू शकला असता, हे ज्याला सांगता येते त्याचा अभिमान पक्का.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खराच आहे. परदेशी शिपायांचा एक डबा हजारो रुपयांना पडतो. पण तो हवा कशाला? बैलपोळ्याला मातीचे बैल करणारे कुंभार आपल्या गावोगाव आहेत. त्या हातांना घोडा अवघड नाही. पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्याकडून बोटभर उंचीचे घोडे आणि शिपाई करून घेतले, तर चार पैसे गावात राहतील. मुलांनी स्वतः केले तर उत्तमच. शाडूची गोळी, आत तारेचा तुकडा, खराट्याची काडी म्हणजे भाला. सरमाडाचे तुकडे सुतळीने बांधले, की तटावरची शिडी झाली.

नियमही घरचेच असावेत. पाच-सहा हात लांबीची सतरंजी म्हणजे मैदान. सुतळीला वीतभर अंतरावर गाठी मारायच्या. पायदळ एक गाठ चालेल, घोडदळ दोन. पाच किंवा सहाचे दान पडले तर मारा लागला. शिपाई आडोशाला असेल तर सहाच हवेत. दोन्ही बाजूंनी आपला बेत आधी चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचा. पंच म्हणून आजोबा किंवा आजी बसवावी. म्हणजे निवाड्यावर वाद होत नाही आणि झालाच तर लवकर मिटतो. एका डावानंतर बाजू बदलायची, ही अट मात्र सक्तीची ठेवावी. काल ज्याने अंबराची फौज चालवली, त्याने आज मोगलांची चालवावी. शत्रूच्या जागी बसून विचार करण्याची सवय पुढे रणांगणाबाहेरही पुष्कळ कामाला येते.

शहरांत आता तयार किल्ले विकत मिळतात. रंगवलेला साचा आणायचा, मावळे ठेवायचे, पाच मिनिटांत काम संपले. ही लाट आपल्याकडेही येईल. काही घरांत किल्ला वडीलच बांधतात आणि मुलगा फोटोपुरता पुढे बसतो. स्पर्धांचे परीक्षकही नकळत याला हातभार लावतात, कारण गुण मिळतात ते देखणेपणाला. मंडळांना आणि शाळांना माझी एक साधी सूचना आहे. येत्या दिवाळीत निम्मे गुण बांधणीला द्या आणि निम्मे खेळण्याला. परीक्षकांनी किल्ल्यासमोर उभे राहून मुलाला एवढेच विचारावे, ‘तू शत्रू असतास, तर हा किल्ला कोणत्या बाजूने घेतला असतास?’ ज्याने चिखलात हात घातले असतील तो क्षणभर थांबेल, किल्ल्याभोवती एक फेरी मारेल आणि बोट दाखवील. वडिलांनी बांधलेला किंवा दुकानातून आणलेला किल्ला असेल, तर तेही लगेच कळेल.