चिवटपणाचे भांडवल

कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ साली बराकींची छावणी उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात नेऊन टाकलेले आणि तिथून इराणमार्गे सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४८ पर्यंत तिथे राहिले. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांची नाटके, सगळे त्या बराकींत चालले. ते गेले आणि फाळणीने उखडलेले सिंधी तिथे आले. आज त्या जागी गांधीनगर आहे, घाऊक कापडाची मोठी पेठ. ‘रिकाम्या हातांनी आले आणि बाजार उभा केला,’ असे गांधीनगरबद्दल बोलले जाते. आपल्या नगर शहरात (आता अहिल्यानगर) तारकपूरच्या सिंधी वस्तीबद्दलही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. हे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. हात रिकामे होते, पण डोक्यावर छप्पर होते. दिल्लीत त्यांच्यासाठी वेगळे पुनर्वसन मंत्रालय होते. नागरिकत्व आणि मताचा हक्क मिळाला. मागे राहिलेल्या मालमत्तेची, अपुरी का होईना, भरपाई देणारा कायदा १९५४ मध्ये झाला. ‘शरणार्थी’ या शब्दाची लाज वाटून फाळणीग्रस्तांतल्या अनेकांनी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतले. त्यांचा तो स्वाभिमान समजू शकतो. मात्र तोच शब्द यजमानांनी उचलला की मदतीचा हिशेब पुसला जातो.

हा हिशेब कसा तपासायचा, ते लाओसच्या डोंगरांतल्या मोंग लोकांच्या इतिहासात दिसते. अमेरिकेच्या सीआयएने १९६१ पासून वांग पाओ या सेनानीच्या हाताखाली त्यांची फौज उभारली आणि कम्युनिस्टांशी लढवली. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली, मोंग मागे उरले. हजारो जण मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले. त्यांतल्या पुष्कळांना अमेरिकेने पुढे आपल्याकडे नेले. आज तिथे तीन लाखांहून अधिक मोंग आहेत. टोकियो ऑलिम्पिकची सुवर्णपदकविजेती जिम्नॅस्ट सुनी ली ही सेंट पॉलच्या मोंग कुटुंबातली. त्यांच्या जिद्दीवर भरपूर लिहिले जाते. पण थायलंडमधल्या वाट थाम क्राबोक इथल्या सुमारे पंधरा हजार मोंगांसाठी २००४ पासून अमेरिकेचे दार उघडले, आणि त्याच देशातल्या पेचाबून प्रांतातल्या छावणीतून डिसेंबर २००९ मध्ये चार हजारांवर मोंगांना लष्कराने गाड्यांत घालून लाओसला परत धाडले. एकच जमात, तीच भाषा, तोच चिवटपणा. फरक पडला तो दुसऱ्या कुणीतरी सही केलेल्या कागदाने.

नगर जिल्ह्याला हे कळायला जड जाऊ नये. प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या आणि शेतकऱ्यांच्या कष्टांवर. पण त्यामागे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची मांडणी होती, सरकारी भागभांडवल होते, कर्ज होते आणि भंडारदरा धरणाचे पाणी होते. शेतकरी चिवट आहेत, त्यांना भागभांडवल कशाला, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते. धरणासाठी उठवलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत तेच म्हणतो.

यावर दोन हरकती येतील. पहिली अशी की निर्वासित आणि धरणग्रस्त यांची तुलनाच गैर आहे. एकाचा देश जातो, दुसऱ्याचे गाव, आणि धरणग्रस्तावर कुणी गोळ्या झाडत नाही. हे मान्य आहे, आणि फरक लहान नाही. पण सीमा न ओलांडल्याचा एक तोटाही असतो: अशा माणसासाठी मंत्रालय निघत नाही. पारनेरच्या सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि तुरुंगवास भोगला, तरी धरण झाले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे मधल्या पन्नास वर्षांत कोयनेसारखे प्रकल्पही उभे राहून गेले होते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. पैसा मिळूनही पुष्कळ धरणग्रस्त उभे राहिले नाहीत, मग समाजाच्या अंगच्या गुणाचा काहीच वाटा नाही का? आहे. पण तो गुण एकट्या माणसात नसतो, तो भावकीत असतो. अमेरिकेने मोंगांनाही आधी प्रायोजकांच्या सोयीने राज्याराज्यांत पांगवले होते. त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा बिऱ्हाडे हलवली आणि कुळाकुळाने सेंट पॉल, फ्रेस्नो अशा शहरांत एकत्र झाले; तिथून पुढे दुकाने, शेतमालाचे बाजार आणि निवडणुका. वळिवड्याच्या बराकींतही सिंधी शेजाराने राहिले, म्हणून उधारीवर माल देणारा ओळखीचा होता. कोयनेच्या धरणग्रस्तांचे काय झाले? सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे. एका खोऱ्यातली माणसे वाटेल तिथे विभागली, कोकणात भातखाचरांच्या शेजारी आणि सोलापुरात ज्वारीच्या रानात. ज्याच्याकडे अडीअडचणीला पायली दोन पायली धान्य मागता येईल असा माणूस उरला नाही, तिथे हातात आलेली रोख रक्कम किती दिवस पुरणार?

पुनर्वसनाच्या सरकारी फायलीत कुटुंब मोजले जाते, भावकी मोजली जात नाही. त्यामुळे जमीन दिल्याची नोंद पुरी होते आणि गाव मात्र मोडलेलेच राहते. जमिनीचा हिशेबही तसा कुठे पुरा झाला आहे! कोयनेचे धरणग्रस्त धरण भरल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनीही, डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, राहिलेल्या जमिनींच्या वाटपासाठी धरणे धरून बसत होते.