कारचा थर्ड पार्टी विमा दीड हजारात? आधी हा हिशेब बघा!

विम्याची मुदत संपत आली की फोन सुरू होतात. ‘सर, ऑफर आजच्यापुरतीच आहे, निम्म्या पैशांत करून देतो.’ व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड येतो, पैसे गेले की पॉलिसीची पीडीएफही.

मुळात थर्ड पार्टी विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसी कारसाठी तो ३,४१६ रुपये आहे, जीएसटी वेगळा. ‘नो क्लेम बोनस लावला’ ही सबबही खोटी, कारण ती सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. मग दीड हजारात विमा येतो कुठून?

यातली एक चलाखी अशी: कंपनीकडे कारऐवजी १५० सीसीपर्यंतची दुचाकी दाखवायची, तिचा ७१४ रुपयांचा हप्ता भरायचा आणि पीडीएफमध्ये मॉडेल बदलायचे. पॉलिसी क्रमांक खरा असल्याने तपासणाराही फसतो. म्हणून कंपनीच्या अधिकृत हेल्पलाइनवर वाहनाचा प्रकार, इंजिन आणि चॅसी नंबर विचारून घ्यावा. पैसे थेट कंपनीच्याच खात्यात भरावेत, एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

विना विमा सापडल्यास पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातात कोणी दगावले तर न्यायाधिकरणाने ठरवलेली लाखोंची भरपाई मालकाच्या अंगावर येते. पीडीएफ खोटी असल्याचे अनेकांना तेव्हाच कळते.

फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर तक्रार करावी आणि नवा विमा निघेपर्यंत गाडी जागेवरच ठेवावी.