नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो? खरं काय आहे?

'नागीण झालीये, तोंड-शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या!' घरातल्या कुणाच्या तरी तोंडून हे तुम्हीही ऐकलं असेल. मग गेरूचा लेप, मंत्र, झाडपाला. डॉक्टरची पाळी येते चौथ्या-पाचव्या दिवशी. घोळ तिथेच होतो, कारण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

रिपोर्टवर 'हर्पिस झोस्टर' वाचून अनेकजण दचकतात. हा लैंगिक आजार नाही. हर्पिस हे विषाणूंचं मोठं कुटुंब आहे. ओठांवर फोड आणणारा त्यातला एक विषाणू तर 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या शरीरात असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे.

कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. डाव्या-उजव्या बाजूचे तंतू वेगळे असल्यानं पुरळ सहसा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतं. म्हणजे टोकं जुळत नाहीत याचं श्रेय मंत्राचं नाही, आणि जुळली म्हणून कुणी मरतही नाही. खरा त्रास वेगळाच आहे. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन्‌महिने आग होत राहते. कपाळावर किंवा नाकावर फोड आले तर डोळ्यालाही धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता नागिणीच्या लसीची चर्चा आहे ती मेंदूमुळे. वेल्समध्ये 2013 साली 2 सप्टेंबर 1933 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ही लस मिळू लागली, आधी जन्मलेल्यांना नाही. वयात जेमतेम काही दिवसांचा फरक असलेले दोन गट संशोधकांना आयतेच मिळाले. लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी दिसलं. एप्रिल 2025 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. असं का घडतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. शिवाय ती जुनी लस होती.

भारतात 2023 पासून मिळणारी 'शिंग्रिक्स' वेगळी आहे. पन्नाशीपुढच्यांना तिचे दोन डोस घ्यावे लागतात. सरकारी लसीकरणात ती नाही आणि खासगीत चांगलीच महाग पडते.