कुत्र्याने कुत्रं फाडलं, तर पैसे कोण भरणार?

वस्तीवरचं कुत्रं म्हणजे बिनपगारी राखणदार. धनगराच्या वाड्यावर तर त्याच्याच जिवावर मेंढरांची रात्र निघते. अशा कुत्र्याला शेजाऱ्याच्या मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने फाडलं की आधी शिव्या, मग काठ्या निघतात. शेजारी म्हणतो, "जनावराला काय कळतंय?" खरंय, जनावराला कळत नाही. पण मालकाला कळतं, आणि कायदा मालकालाच धरतो.

मात्र पोलिसांत गेलं की लगेच गुन्हा दाखल होईल, असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९१ मध्ये जनावराबाबत हयगय करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण हे कलम माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तेव्हाचं. कुत्रं कुत्र्यालाच चावलं तर ते सरळ लागत नाही.

कलम ३२५ जनावर मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं यासाठी आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. पण त्यात नुकसान करायचा हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. साखळी तोडून पळालेलं कुत्रं त्यात बसत नाही. कुणी मुद्दाम "छू" करून अंगावर घातलं, तर गोष्ट वेगळी.

मग उरतो दिवाणी दावा. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालकाची मालमत्ता आहे. शेजाऱ्याच्या हयगयीमुळे नुकसान झालं, तर औषधपाण्याचा खर्च आणि कुत्रं मेलं तर त्याची किंमत मागता येते. तिथे प्रश्न येतात ते असे: कुत्रं आधी कुणाला चावलं होतं का? मालकाला ते ठाऊक होतं का? बांधलं का नव्हतं? भांडण कुणाच्या हद्दीत झालं? तुमचंच कुत्रं त्याच्या अंगणात शिरलं असेल, तर दावा लंगडा पडतो.

म्हणून पुरावा त्याच दिवशी गोळा करा. जखमेचे आणि जागेचे फोटो काढा. पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला आणि औषधांच्या पावत्या जपा. बघणाऱ्यांची नावं लिहून ठेवा. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, पण हातमोजे घालून, आणि डॉक्टरांना रेबीजच्या लसीचं विचारा. नंतर शेजाऱ्याला लेखी कळवा. बरेच तंटे गावच्या तंटामुक्ती समितीपुढेच मिटू शकतात. मिटलं तर तेही कागदावर घ्या.

एक चूक मात्र करू नका. रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला विष घातलं किंवा काठीने मारलं, तर कलम ३२५ तुमच्यावरच लागेल. ज्याचं नुकसान झालं तोच आरोपी होऊन बसेल.

आणि ज्याचं कुत्रं अंगावर जाणारं आहे, त्याने ते रस्त्यावर मोकळं सोडू नये. साखळी भरपाईपेक्षा स्वस्त पडते.