एसएमपीएसवर वाचवलेले पैसे

वाईसारख्या तालुक्याच्या गावात लाख-सव्वा लाखाचा गेमिंग पीसी ही आता नवलाई राहिलेली नाही. बारावी झाली की मुलगा हट्ट धरतो, ‘अभ्यासालाही होईल, व्हिडिओ एडिटिंगही शिकेल’ म्हणत घरचे हप्ते बांधून घेतात आणि साताऱ्यातून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मशीन असेंबल होतं. प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं, यावर महिनाभर खल झालेला असतो. या सगळ्याला वीज पुरवणारा एसएमपीएस यादीच्या तळाशी असतो, आणि बजेट हाताबाहेर गेलं की पहिली कात्री त्यालाच लागते. पुढे त्याच मशीनवर ओव्हरक्लॉकिंग सुरू होतं. ही काटकसर चुकीच्या जागी होते आहे आणि लहान गावात ती शहरापेक्षाही महाग पडते, हे स्पष्ट सांगायला हवं.

आधी ओव्हरक्लॉकिंग काय मागतं ते पाहू. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा, तर बहुतेक वेळा त्याचं व्होल्टेजही वाढवावं लागतं. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर विजेची मागणी सुमारे ३३ टक्क्यांनी चढते. खेळताना प्रत्यक्ष मिळणारा फायदा पुष्कळदा त्या १० टक्क्यांइतकाही नसतो. कंपनीने सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली मोकळीक आपण वापरून टाकतो, एवढाच याचा अर्थ. ती मोकळीक दुसरीकडून भरून काढावी लागते, आणि ती भरून काढण्याची जागा एसएमपीएस ही आहे.

एक हिशेब मांडू. इंटेलचा कोअर आय-५ १४६००के हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त १८१ वॉट घेतो, असं कंपनीच सांगते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० कार्डाचा आकडा २०० वॉट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ६० वॉट धरले तर बेरीज ४४० च्या आसपास जाते. आता ओव्हरक्लॉक करा. प्रोसेसर २४० वॉटवर जातो, कार्डाची मर्यादा १० टक्क्यांनी वाढवली की ते २२० वॉटवर जातं, आणि एकूण मागणी ५२० वॉट होते. या कार्डासाठी एनव्हिडियाने सुचवलेला एसएमपीएस ६५० वॉटचा आहे, तोही मूळ सेटिंग गृहीत धरून. मशीन पूर्ण ताकदीने चालताना एसएमपीएसवर ७० ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, हा जाणत्यांचा नेम लावला तर इथे ७५० वॉटचा चांगला एसएमपीएस योग्य ठरतो.

‘चांगला’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण डब्यावरचा वॉटचा आकडा फसवा असू शकतो. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेला तक्ता नीट वाचायला शिकलं पाहिजे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून त्या रकान्यातले अँपिअर बघायचे आणि १२ ने गुणायचं. काही शे रुपयांत मिळणाऱ्या एखाद्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट छापलेलं असतं आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलेले असतात. म्हणजे कामाची वीज २१६ वॉट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी मिळवून फुगवलेला असतो, आणि आजच्या मशीनला त्या लाइनींची फारशी गरज नसते. उलट ५५० वॉटच्या नीट बनवलेल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट लिहिलेले सापडतात. हा तक्ता काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत वाचून होतो. दुकानदार डबा उघडू देत नसेल, तर तिथून खरेदी करू नये.

दुसरी अडचण सरासरीची आहे. ग्राफिक्स कार्डाचा २०० किंवा ३०० वॉट हा आकडा सरासरीचा असतो. खेळातलं दृश्य पालटतं तेव्हा मिलिसेकंदाहूनही कमी काळासाठी कार्ड त्याच्या दुप्पट वीज ओढू शकतं. आपल्याच सातारा जिल्ह्यातला कोयना प्रकल्प १९६० मेगावॉटचा आहे, आणि त्याचं मोल राज्याला सर्वांत जास्त कळतं ते संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा. राज्याच्या विजेचं नियोजन जसं या चढत्या मागणीचा विचार करून करावं लागतं, तसंच कॅबिनेटच्या आतही करावं लागतं. २०२० नंतरच्या मोठ्या कार्डांच्या अशा झटक्यांमुळे चांगले चांगले एसएमपीएसही मध्येच बंद पडू लागले. मग २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हा नवा मापदंड आणला. त्यानुसार मोठ्या कार्डांसाठी बनवलेल्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के झटका १०० मायक्रोसेकंद सहन केला पाहिजे. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने निदान हा मापदंड पाळणारा एसएमपीएस घ्यावा.

नावाजलेली कंपनी आणि ८० प्लसचा शिक्का एवढ्यावरही विसंबून चालत नाही. ८० प्लस ही कार्यक्षमतेची श्रेणी आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. वीज किती वाया जाते, हे त्यावरून कळतं. बिघाड झाला तर एसएमपीएस मशीनला वाचवेल का, हे त्यावरून कळत नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन मॉडेलांबद्दल हाच धडा मिळाला. दोन्हींवर गोल्डचा शिक्का होता, तरी स्वतंत्र चाचण्यांमध्ये जादा भार टाकल्यावर त्यांचे स्फोट झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की जादा भारावर एसएमपीएस बंद पडण्याची मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली आहे, आणि जुन्या ग्राहकांना बदलून देण्याची सोयही केली. म्हणून घेताना जादा भार, जादा व्होल्टेज, शॉर्टसर्किट आणि जादा तापमान या चारही गोष्टींपासून संरक्षण आहे का, आणि त्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे विचारलं पाहिजे.

जोडणीतली हयगयही तितकीच घातक ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० कार्डांचे १६ पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. तपासानंतर एनव्हिडियाने सांगितलं, की कनेक्टर पूर्ण आत बसलेला नसणं हे मुख्य कारण दिसतं. एवढ्या महागड्या कार्डाची अशी गत होते, तर आपल्याकडच्या जुगाडांचं काय होईल? हार्डडिस्कच्या साटा वायरीला अडॅप्टर लावून कार्डाला वीज पुरवणं हा उघड धोका आहे. आठ पिनांचा कनेक्टर १५० वॉटसाठी असतो, आणि साटाची बारीक पिन तेवढा भार झेलण्यासाठी बनवलेलीच नसते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नयेत. टोक बरोबर बसतं, पण आतली पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. चुकीची केबल लावली तर मशीन सुरू करताक्षणी डिस्क जळू शकते.

इथवरचं सगळं पुण्या-मुंबईलाही लागू आहे. वाईत त्यात घरातल्या विजेची भर पडते. नियमाप्रमाणे २३० व्होल्टचा दाब ६ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली होऊ नये. पण मे महिन्यातला वळीव, पावसाळ्यात तारांवर पडणाऱ्या फांद्या आणि संध्याकाळी एकाच डीपीवर येणारा भार हे सगळं गावाने अनुभवलेलं आहे. जिल्ह्यात कोयना असली तरी घरातल्या सॉकेटची वीज ठरते ती आळीच्या टोकाच्या डीपीवर. दाब कमी झाला की एसएमपीएस तेवढीच वीज मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतो. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली, तर आपल्या हिशेबातल्या ५२० वॉटच्या मशीनला भिंतीतून सुमारे ५९० वॉट लागतील. २३० व्होल्टवर हे २.६ अँपिअर होतात आणि १८० व्होल्टवर ३.३. स्वस्त एसएमपीएस इथेच मान टाकतो. त्याहून वाईट म्हणजे खांबावर न्यूट्रल तुटणं. तेव्हा एका घरातले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या घरात ३०० व्होल्टच्या वर दाब जाऊ शकतो. तो सोसण्यासाठी कोणताही एसएमपीएस बनवलेला नसतो. त्यासाठी मीटरजवळ जादा-कमी दाबाला लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसवून घ्यावा लागतो.

अर्थिंगचा प्रश्न तर घरोघर तपासायला हवा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी इथल्या जुन्या वाड्यांत मूळ वायरिंग दोन तारांचं असेल, तर नंतर बसवलेल्या तीन पिनांच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते. अशा सॉकेटवर चालणाऱ्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावला की मुंग्या येतात. ‘कॉम्प्युटर आहे, एवढं चालायचंच’ म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर तो पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्याने नुसत्या मुंग्यांवर निभावतं. पण उद्या आतली फेज खरोखर पत्र्याला लागली, तर करंटला जायला वाट नाही, हे त्या मुंग्या सांगत असतात. अशा घरात आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, मग पीसी आणावा.

यूपीएसचं गणितही असंच चुकतं. घरात आधीपासून असलेला यूपीएस नव्या मशीनला लावला जातो. त्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात ३६० वॉट असतं. ५९० वॉटच्या मशीनला तो लाइट गेल्याच्या क्षणीच दगा देणार. यूपीएस व्हीएवरून न घेता वॉटवरून घ्यावा. एसएमपीएस स्वतः लाइट गेल्यावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने भार उचलला पाहिजे. स्वस्त एसएमपीएसमधले कपॅसिटर लहान असतात, त्यामुळे तेवढी उसंतही मिळत नाही.

‘आमचं तर दोन वर्षं त्याच एसएमपीएसवर चाललंय’ असं अनेक जण सांगतील, आणि ते खरंही असेल. पण कपॅसिटर हळूहळू थकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत किती उकाडा साचतो, हे वेगळं सांगायला नको. खेळता खेळता मशीन अचानक रीस्टार्ट होणं ही थकव्याची पहिली खूण असते. तिचं खापर विंडोजवर किंवा गेमवर फोडून लोक मोकळे होतात. एसएमपीएस घरी उघडून बघण्याचं धाडस मात्र कोणी करू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३८० व्होल्टच्या आसपास दाब राहिलेला असू शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो.

दुसरं टोकही गाठायला नको. ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० कार्डाला १००० वॉटचा एसएमपीएस गळ्यात मारणारा विक्रेता ग्राहकाचं नुकसानच करतो. त्या कार्डाला एनव्हिडिया ५५० वॉट पुरेसे मानते. तेवढ्याच पैशात कमी वॉटचा, पण जास्त प्रतीचा एसएमपीएस घेणं शहाणपणाचं.

तेव्हा पालकांनी आणि मुलांनी मिळून खरेदीची यादी उलट्या क्रमाने लिहावी. आधी घरातलं अर्थिंग आणि सॉकेट, मग वॉट पाहून यूपीएस, मग १२ व्होल्टचा तक्ता वाचून एसएमपीएस, आणि उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड. पैसे कमी पडले तर कार्ड एक पायरी खालचं घ्यावं, एसएमपीएस खालचा घेऊ नये. आणि या क्रमातलं काही अपुरं राहिलं असेल, तर ते पुरं होईपर्यंत ओव्हरक्लॉकिंगला हात लावू नये. मूळ वेगावरही खेळ चालतो. घरच्यांच्या हप्त्यांवर आलेलं मशीन एकदा जळलं, तर बहुतेक घरांत दुसरं येत नाही.