हलकी पिशवी, टवटवीत चेहरा

भाऊबीज आटोपली की घराघरांतून माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. मुलांना सुट्टी असते, हवा बरी असते आणि दोन महिने आधी काढलेली तिकिटे टेबलाच्या खणात वाट बघत असतात. मग सुरू होते ती भराभरी. 'असू द्या, लागेल' हे तिचे ब्रीदवाक्य. स्वेटर असू द्या, लागेल. एक भारी साडी असू द्या, कुणी ओळखीचे भेटले तर? आठ दिवसांनी परत आल्यावर यांतले निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता कपाटात जातात, ही गोष्ट वेगळी!

मैत्रिणींनो, गेल्या सहलीचे फोटो एकदा काढून बघा. मुले हसत असतात, त्यांचे बाबा गॉगल लावून ऐटीत उभे असतात. आणि आई? तिच्या एका खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली, काखेत कुणाचे तरी जर्किन. साडी उत्तम असते, पण चेहरा दमलेला. नीटनेटके दिसणे कपड्यांच्या संख्येवर असते, तर सर्वांत मोठी बॅग असलेली ही बाई सर्वांत ताजी दिसली असती. पण चौघांचे 'असू द्या' तिच्याच बॅगेत भरलेले असते. रोज सकाळी ती बॅग उपसायची आणि पुन्हा भरायची यात तिचा अर्धा तास जातो. तेवढ्यात बाकीच्यांचा चहा होतो आणि वर 'तुझे अजून आवरले नाही का?' हेही तिलाच ऐकावे लागते.

म्हणून पहिला नियम कपड्यांचा नाही, माणसांचा आहे. ज्याची त्याची पिशवी वेगळी, आणि ती ज्याची त्यानेच उचलायची. आठ वर्षांच्या मुलाला आपले चार कपडे सहज वाहता येतात. त्याच्या बाबांनाही येतात! रेल्वेच्या शयनयानात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येते, पण ती सवलत आहे, सक्ती नव्हे. खरे माप एकच: स्टेशनच्या पुलाचा जिना मध्ये न थांबता चढता आला पाहिजे. चाकांच्या बॅगेचे पेटंट अमेरिकेत १९७२ साली निघाले. तेव्हापासून सामान ओढणे सोपे झाले आणि आपण दुप्पट भरू लागलो. जिना आला की मात्र ती चाकेही आपल्यालाच उचलावी लागतात.

आपल्या आज्या ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघत, त्याला कारण होते. गाडीत अंथरूण मिळत नसे आणि उतरायचे ते बहुधा धर्मशाळेत किंवा नातलगांकडे. आता वातानुकूलित डब्यात चादर, उशी, ब्लँकेट मिळते. वळकटी गेली, तिची जागा आपण कपड्यांनी भरून काढली, एवढेच.

आता प्रत्यक्ष एक सहल घेऊ. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम, आठ दिवस. ही मुद्दाम निवडली, कारण कपड्यांच्या दृष्टीने ती अवघड आहे. आपल्याकडे पाऊस सरलेला असतो, पण तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. राजस्थानात रात्री धुतलेला कपडा सकाळी कडकडीत वाळतो; इथे जाड सुती कपडा दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो आणि कुबट वास धरतो. मग पॉलिएस्टर न्यावे का? तो धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे आपण झोपेत असताना वाळतो, हे खरे. पण घामाचा वास मात्र सुतापेक्षा घट्ट धरून ठेवतो. म्हणजे आरशात आपण ताज्या आणि शेजारणीच्या नाकाला शिळ्या! यावर उपाय पातळ सुताचा: मलमल, वॉयल किंवा रेशीम मिसळलेली माहेश्वरी. अंग झाकते, वारा लागतो, आणि घडी केली की मुठीएवढी होते.

साडी नेसणारीने तीन साड्या न्याव्यात, पण ब्लाऊज चार. घाम ब्लाऊजला लागतो, साडीला फारसा नाही. तीच साडी एक दिवस आड पुन्हा नेसता येते. गंमत अशी की आपण नेमके उलटे करतो, सहा साड्या आणि एकेकीचा मोजून एकेक ब्लाऊज. तिन्ही साड्यांचे रंग असे निवडा की कोणताही ब्लाऊज कोणत्याही साडीवर चालेल. त्यांतला एक काळा असला की निम्मे काम झाले. कुर्ते घालणारीला तीन कुर्ते आणि दोन सलवारी पुरतात, त्यांचे सहा जोड होतात. ओढणी मात्र चांगली लांबरुंद हवी. उन्हात ती डोक्यावर, गार डब्यात अंगावर आणि संध्याकाळी कुर्त्यावर रुबाबात.

टॉवेल टर्किश नको, पंचा न्या. अंग तेवढेच पुसतो आणि घडीभरात वाळतो. कोरड्या पंचाचा आणखी एक उपयोग आहे. धुऊन पिळलेला ब्लाऊज त्यावर पसरा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करा, तिच्यावर गुडघा ठेवून दाबा आणि मग ब्लाऊज पंख्याखाली टांगा. उरलेले बरेचसे पाणी पंचा पिऊन टाकतो.

रामेश्वराला देवळातल्या २२ तीर्थांचे स्नान असते. विहिरीविहिरीपाशी डोक्यावर बादल्या ओतल्या जातात आणि माणूस नखशिखांत भिजतो. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याच्या दर्शनाला जाता येत नाही. तेव्हा भिजायला एक गडद रंगाचा जुना जोड आणि बदलायला एक कोरडा, एवढे प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा. येताना त्याच पिशवीत ओले कपडे. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींकडे पुरुषांना मुंडू नेसून, उघड्या अंगाने आत जावे लागते, म्हणजे नव्या बुशशर्टाचा तिथे काडीचा उपयोग नाही. सलवार घातलेल्या बायकांनाही वरून मुंडू गुंडाळावे लागते. ते तिथेच घ्यावे. घरी आल्यावर उन्हाळ्यात पांघरायला उत्तम.

चप्पल एकच, महिनाभर वापरलेली. देवळागणिक काढायची असते, तेव्हा बंद नकोत. नव्या चपलेने फोड आला की कसला आलाय चेहरा टवटवीत! खोबरेल तेलाची बाटली घरून नेऊ नये. नारळाच्या मुलखात निघालो आहोत आपण. दागिने तर मुळीच नेऊ नयेत. जिवाला घोर लावून घेऊन कुणी सुंदर दिसत नाही. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथे गजरा हातभर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून देतात. संध्याकाळी गार पाण्याने तोंड धुवावे, वेणी पुन्हा घालावी, आणि साध्या वॉयलच्या साडीवर तो हातभर गजरा माळून मीनाक्षीच्या देवळात जावे. आपल्या कपाटातली सर्वांत भारी साडी त्या वेळी आठवणारसुद्धा नाही.

राहिला फराळ. चकली-चिवड्याचा डबा न्यायला माझी ना नाही. तो मात्र मुलांच्या पिशवीत टाका. मदुराई येईपर्यंत आपोआप हलका होतो, आणि परतताना कन्याकुमारीचे शिंपले ठेवायला बरा पडतो.